‘चालतं’ म्हणालात, बाबा

बाबा, आपलं भांडण अर्धवट आहे आणि तुम्ही निघून गेलात. हे तुमच्या नियमात बसत नाही. भरल्या ताटावरून उठायचं नाही आणि वादातून पळायचं नाही, हे मला कुणी शिकवलं? आता मी अल ऐनच्या आपल्या घरात तुमच्या खुर्चीसमोर बसून दोन्ही बाजूंनी एकटीच भांडतेय. माझी बाजू मला पाठ आहे. तुमची बाजू मला काही केल्या नीट मांडता येत नाही.

सोलापूरला तुमचे दिवस करून आई आणि मी परत आलो ते हे घर आवरायला. तुमच्या नोकरीवर आईचा व्हिसा होता, तो आता रद्द होणार. घरही सोडावं लागेल. तुमच्या हॉस्पिटलमधली माणसं चांगली वागतायत, तुमच्या एसी प्लँटमधली तर रोज कुणी ना कुणी येऊन जातात, पण कागदापुढे त्यांचंही काही चालत नाही. मी आईला माझ्या व्हिसावर घेऊ शकते. म्हणजे मी दुबईत राहिले तर. आणि मी राहणार की जाणार, हेच तर तुम्ही सांगणार होतात. हॉलंडच्या कंपनीला मला याच आठवड्यात उत्तर द्यायचंय. तुम्ही गेल्याचं कळल्यावर त्यांनी मुदत वाढवून दिली होती, आता तीही संपत आली.

ऑफर आली त्या दिवशी मी दुबईच्या मरीनाहून ऑफिस सुटल्यावर तडक अल ऐनला आले होते, पेढे घेऊन. तुम्ही पेढा हातात धरलात आणि तोंडात न घालता विचारलंत, “तिथं खाणार काय?”

पगार विचारला नाहीत. काम कसलं ते विचारलं नाहीत. पोरीला युट्रेख्तमध्ये नोकरी मिळाली आणि बापाला भाजीची काळजी.

“बाबा, कम ऑन. लोक राहतात तिथं.”

“लोक राहतात गं. आपण राहू शकतो का, ते विचारतोय. मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही. मग उरलं काय? ट्यूलिप?”

मी चिडले. तुम्हीही चिडलात. तासभर आपण तेच तेच बोललो, आणि शेवटी मी म्हटलं, मग चला माझ्याबरोबर आणि डोळ्यांनी बघा. तसंही कंपनीनं मला ऑफिस बघायला बोलावलं होतं. तुम्ही पटकन हो म्हणालात, तेव्हाच मला कळायला हवं होतं की यात काहीतरी खोच आहे.

“चलतो. पण अट माझी. घरची चटणी न्यायची नाही, इंडियन रेस्टॉरंटची पायरी चढायची नाही. तिथली माणसं जे खातात त्यातलंच, आपल्याला चालणारं, तेवढंच खायचं. चार दिवस मी उपाशी राहिलो नाही तर तू खुशाल जा. मी एक अक्षर बोलणार नाही.”

“आणि उपाशी राहिलात तर?”

“तर खलास. विषय बंद.”

आई म्हणाली, मला थंडी सोसत नाही, तुम्हीच जा दोघं. आपण दोघंही तिच्याकडे न बघताच बरं म्हणालो.

‘नाही चालत.’ बाबा, माझं सगळं लहानपण या दोन शब्दांच्या कुंपणात गेलं. वाढदिवसाचा केक? अंडं असतं, नाही चालत. लाल रंगाची जेली? कशापासून करतात कोण जाणे, नाही चालत. शाळा सुटल्यावर सगळा वर्ग कोपऱ्यावर शावरमा खायला थांबायचा, आणि मी खुबूसच्या रोटीत नुसते फ्राइज भरून घ्यायचे. आपण पुण्याहून आलो तेव्हा मी तिसरीत होते. वर्गात कुणीतरी केक वाटत होतं. बाईंनी विचारलं, तू का घेत नाहीस, आणि मी आपलं मराठी इंग्रजीत ओतून ठणकावून सांगितलं, “मिस, एग डझन्ट वॉक इन अवर हाउस.” बाईंनी खरोखर खाली वाकून बघितलं. अख्खा वर्ग हसला. मी रडत घरी आले तर तुम्ही आधी पोट धरून हसलात, मग मला मांडीवर घेऊन म्हणालात, “बरोबरच सांगितलंस. आपल्याकडे नाहीच वॉक करत.” त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता. पुढे राग यायला लागला तो सातवी-आठवीपासून.

मरीनाच्या माझ्या फ्रिजमध्ये अंडी असायची, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही यायच्या आधी मी ती शेजारच्या मुलीकडे ठेवून यायचे, आणि तुम्ही आल्यावर पाणीसुद्धा मागून घ्यायचात, फ्रिज उघडायचा नाहीत. आपण दोघांनी मिळून ती अंडी लपवली. तेवढ्यापुरतं आपलं जमायचं.

हॉलंडमध्ये पहिल्या सकाळी हॉटेलच्या नाश्त्याला तुम्ही थबकलात. सूटबूट घातलेली माणसं पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटची शेव भुरभुरत होती. “मोठी माणसं? हे खाऊन ऑफिसला जाणार?” असं म्हणत तुम्ही स्वतः दोन स्लाइस संपवलेत, वर तिसऱ्याला हात घातलात. मी मनात स्वतःला एक पॉइंट दिला. दुपारी चीज घातलेला पाव. तोही झाला. संध्याकाळी कालव्याच्या काठावर कागदाच्या कोनात बटाट्याचे जाडजूड फ्राइज घेतले, आणि गाडीवाल्यानं त्यावर मेयोनीजचा डाव उपडा करायच्या आत मी एवढ्या जोरात ‘नो’ ओरडले की रांगेतली माणसं मागे सरकली. मेयोनीजमध्ये अंडं. त्यानं शांतपणे विचारलं, मग शेंगदाण्याचा सॉस देऊ का?

सोलापूरच्या माणसाला हॉलंडमध्ये रस्त्यावर कुणी शेंगदाणे विचारील असं तुम्हाला स्वप्नातही वाटलं नसेल. मी त्याला बरणी दाखवायला लावली, मागचं सगळं वाचलं, मग तुम्ही खाल्लंत. “अगं, हे आपलंच की! मिरची विसरलेत, एवढंच.” बोटं चाटत होतात तुम्ही. वाऱ्यानं तुमची माकडटोपी वाकडी झाली होती. “इथं एसी लागतच नाही,” म्हणालात, “मी इथं जन्मलो असतो तर बेकार असतो.” त्या क्षणी मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी सगळं उलटं फिरलं. एका चौकात एक बाई चक्क आप्पेपात्रात काहीतरी करत होती. तुम्ही मला हाताला धरून ओढत नेलंत, “बघ, बघ, आप्पे!” लोण्याचा वास, वर पिठीसाखर. मी विचारलं. पिठात अंडं होतं. तुमचा चेहरा उतरला तो मला अजून दिसतो. पुढचं पॅनकेकचं दुकान, अंडं. सफरचंदाचा केक, अंडं. कुरकुरीत गोल वडे दिसले, ते गोमांसाचे. मी प्रत्येक काउंटरवर तेच तीन प्रश्न विचारत होते आणि तुम्ही मागे हात बांधून उभे राहत होतात, निकाल आधीच ठाऊक असल्यासारखे. रात्रीच्या जेवणाला पुन्हा चीज आणि पाव.

“बोला ना काहीतरी,” मी म्हटलं.

“मी कुठं काय म्हणतोय?”

“तुम्ही मोजताय.”

“मी जेवतोय. मोजतेयस तू.”

“तुम्हाला मी हरायलाच हवीय ना, बाबा?”

तुम्ही पावाचा तुकडा खाली ठेवलात. “तू हरावीस म्हणून मी दोन विमानं बदलून आलो?” परत जाताना ट्राममध्ये आपण शेजारी शेजारी बसून वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत होतो.

तिसऱ्या दिवशी माझं ऑफिस. तुम्ही खाली लॉबीत बसून होतात. मी वर गेले, माणसांना भेटले, ज्या टेबलावर मी बसणार होते ते पाहिलं, आणि खाली आले तेव्हा बहुधा माझं सगळं माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. तुम्ही मला नीट बघितलंत. काही विचारलं नाहीत. बाहेर पाऊस आणि बोचरी थंडी, सकाळपासून तुमच्या पोटात एक सफरचंद आणि कोरडा पाव. मला धडकी भरली होती. आजचा दिवस उपाशी गेला असता तर तुमची अट तुम्ही जिंकली असतीत.

एका गल्लीत एका वयस्क बाईंचं लहानसं खाणावळवजा हॉटेल होतं. आत शेगडी पेटलेली, काचांवर वाफ. वाटाण्याचं दाट सूप मिळतं असं फळ्यावर लिहिलं होतं. मी कोट झटकत दारातूनच विचारलं, “व्हेजिटेरियन?” त्या मान हलवत म्हणाल्या, “व्हेजिटेरियन, यस, यस, नो प्रॉब्लेम.” अंडं? नाही. मासे? नाही. सूप आलं, सोबत काळा पाव आणि चीज. सूप एवढं घट्ट की चमचा उभा राहील. तुम्ही पहिला घोट घेतलात आणि डोळे मिटलेत. “गरम आहे,” म्हणालात. मग भराभर खायला लागलात. मी ऑफिसबद्दल बोलत होते, सुटले होते अगदी. बोलता बोलता बघितलं तर तुमचा हात थांबला होता. वाडग्याच्या तळाशी थोडंसं उरलं होतं. तुम्ही कागदी रुमाल उचलून वाडग्यावर पसरलात.

“काय झालं? आवडलं नाही?”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, “चालतं.”

बाबा, सत्तावीस वर्षांत तुमच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. तुम्ही एकतर ‘मस्त’ म्हणायचात नाहीतर ‘नाही चालत’. मधलं काही तुमच्याकडे नव्हतंच. मला तिथंच खटकायला हवं होतं. पण मला दुसरंच ऐकायचं होतं, आणि ते मिळालं होतं. तुम्ही हात धुवायला गेलात ते बराच वेळ आला नाहीत. आलात तेव्हा तोंड धुतलेलं, केस ओले. मी म्हटलं, “मग? जाऊ मी?”

“बघू,” म्हणालात. “यल्ला, चल. पाऊस कमी झालाय.”

चौथ्या दिवशी पोट जड आहे म्हणून तुम्ही फक्त केळी खाल्लीत. विमानात नुसता चहा. मी आपली खुशीत, कारण चार दिवस झाले होते आणि तुम्ही उपाशी राहिला नव्हतात.

त्यानंतर तुम्ही जे गप्प झालात ते झालातच. मी विचारलं की ‘इन्शाल्ला’ म्हणायचात, आणि इथं वाढलेल्या कुठल्याही मुलाला कळतं की आईबापाचं इन्शाल्ला म्हणजे गोड शब्दांत ‘नाही’. कंपनीचे मेल यायला लागले. मी शनिवार-रविवार अल ऐनला यायचे तर तुम्ही कुणाचा तरी एसी दुरुस्त करायला शेजारी गेलेले असायचात. एकदा मी फोनवर सरळ म्हटलं, “बाबा, तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता.”

“मग?”

“गाडीत आहे. संध्याकाळी बोलू.”

संध्याकाळी फोन केलात खरा, पण माझ्या गाडीचा एसी बरोबर गार करतो का ते विचारायला. मी हो म्हटलं. तुम्ही म्हणालात, गॅस तपासून घे. एवढंच बोललो आपण. दोन दिवसांनी तुम्ही कोसळलात म्हणून प्लँटमधून तुमच्या माणसांचा फोन आला, आणि मरीनापासून अल ऐनपर्यंतच्या त्या सरळ रस्त्यावर मी तुमच्याशी मोठमोठ्यानं बोलत आले, शिव्यासुद्धा दिल्या. पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

परवा आई आणि मी स्वयंपाकघरातले डबे रिकामे करत होतो. मी सहज म्हटलं, बाबांना हॉलंडचं काय काय आवडलं होतं ते तुला सांगितलं का गं त्यांनी? शेंगदाण्याचा सॉस, ते सूप.

आईचा हात डब्यातच राहिला. “सूप?” म्हणाली. “सुपात मांस निघालं होतं ना.”

मला ती काय बोलतेय ते कळेचना. मग ती सांगायला लागली. तुम्ही परत आल्यावर आंघोळ करून तिच्यासमोर येऊन बसलात आणि म्हणालात, वाटाण्याच्या सुपात तळाशी मांसाचा तुकडा सापडला. त्या बाई बिचाऱ्या वरचं सॉसेज काढून व्हेजिटेरियन म्हणून वाढत असणार, त्यांच्या लेखी तेच शाकाहारी. पोटात तर सगळं गेलं होतं. मग तुम्ही सोमवार धरलेत. मला सांगितलंत का, असं आईनं विचारलं तर म्हणालात, माझं मी बघतो, फक्त पोरीला कळता कामा नये.

मी आईवर ओरडले. मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, “शपथ घातली होती त्यांनी. आता कुणाची शपथ पाळू?”

बाबा, आता मी काय करू? हुकमाचं पान तुमच्या हातात होतं. तो कागदी रुमाल नुसता उचलायचा होता. “बघ, हे मिळतं तुझ्या हॉलंडमध्ये,” एवढंच म्हणायचं होतं. माझ्याकडे त्यावर काहीही उत्तर नव्हतं, मी तिथल्या तिथं गप्प झाले असते आणि बहुधा जन्मभर गप्प राहिले असते. जे तुम्ही आयुष्यभर पाळलंत ते माझ्या डोळ्यांसमोर मोडलं, आणि तुम्ही ते झाकलंत. का? माझ्या तोंडावरचा आनंद बघून? माझ्यामुळे झालं असं मला वाटू नये म्हणून? मला जाऊ द्यायचं होतं, तर नुसतं ‘जा’ का म्हणाला नाहीत? आणि जाऊ द्यायचं नव्हतं, तर तो रुमाल का उचलला नाहीत? इतके दिवस मी तुमच्या गप्प बसण्याला नकार समजत होते, आणि त्या रागातच तुम्हाला निरोप दिला. आज कळतंय की तुम्ही मला जिंकवून आलात आणि त्याचं काय करायचं हे तुम्हालाच कळत नव्हतं. निदान मला तसं वाटतं. खरं काय ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

तुमचा मला फार राग येतोय. आणि तुमच्यासारखं प्रेम माझ्यावर पुन्हा कुणी करणार नाही हेही कळतंय. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सोसायच्या, ते मात्र तुम्ही शिकवलं नाहीत.

काल दुपारी मी ठरवलं आणि आईला सांगून टाकलं. “मी हॉलंडला नाही जात. तुला माझ्या व्हिसावर घेते. मरीनाला माझ्याकडे राहा.”

आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. “हे कुणी ठरवलं?”

“मी.”

“आधी तुम्ही दोघं मिळून ठरवत होतात. आता एकटी ठरवतेस. मला कुणी विचारलंय का आजवर?”

मी म्हटलं, बरं, विचारते. मी गेले तर तुझं काय?

“मला आवडणार नाही,” आई म्हणाली. बाबा, इतक्या स्पष्टपणे या घरात कधी कुणी बोललं नव्हतं. “अजिबात आवडणार नाही. मी सोलापूरला मावशीकडे राहीन आणि तिथं मला करमणार नाही. तिच्या सुनेशी माझे खटके उडतील. तुझा फोन एक दिवस आला नाही तर मी तुला बोल लावीन. आजारी पडले तर म्हणेन, पोरगी टाकून गेली. हे सगळं होणार आहे, आत्ताच ऐकून ठेव. तरी तू जा.”

“एवढं सगळं होणार तर कशाला जाऊ?”

“कारण ते ऑफिस बघून आल्यावर तू कशी दिसत होतीस, ते मला यांनी सांगितलंय,” ती म्हणाली. “मला आवडणार नाही, आणि तू जा. दोन्ही खरं आहे. मी यांच्यासारखी गिळून बसणार नाही.”

मी आज सकाळी होकार कळवला. तुम्हाला न विचारता, तुमच्या अटीशिवाय. मेल गेल्यावर आईला सांगितलं. ती बरं म्हणाली, उठली, आतल्या खोलीत गेली आणि मोठ्यानं रडायला लागली. तिनं दार लावून घेतलं नाही, बाबा. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले.